कॅमेऱ्यावरची टिकली

प्रिय राणीसरकार,

मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं.

तू निवडलेला हा छोटा लॅपटॉप हलका आहे, बॅटरीही दिवसभर पुरते. पण कॅमेरा चालत नाही म्हणून परवा फोनवर, स्पीकरवर आई ऐकत असताना, तुझ्यावर खेकसलो, ‘तुला काय कळतं यातलं?’

आज दुरुस्तीवाल्याने कॅमेऱ्यावरून तुझी काळी टिकली नखाने काढून माझ्या तळहातावर ठेवली. घरी बनियनवर मीटिंगला बसायचो, तेव्हा तुझ्याकडून मागून मीच ती चिकटवली होती! तुला आठवत होतं ना? तरी आईसमोर गप्प बसलीस.

आईचा गुडघा कसा आहे? तिला सांग, चूक माझीच.

कॅमेरा आता लख्ख चालतो. तुला तोंड दाखवायचा धीर होत नाही, म्हणून हे पत्र.

तुझाच,
बनियनवाला साहेब