न्हाव्याने वळलेले दोन चिरूट

मुक्काम पुएर्तो एस्पेरान्सा,
मंगळवार

वडीलधारे मेहुणे एव्हारिस्तो यांना बहिणीच्या नवऱ्याचा मनापासून नमस्कार.

आम्ही दोघं सुखरूप आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना अजून शिव्या देता, की नुसतेच कण्हता? इकडे हवा उत्तम, मासळी ताजी. नेरेइदा दिवसातून दोनदा समुद्रात डुंबते आणि मी काठावर बसून तिच्या चपला राखतो. माझ्या मनगटाला डॉक्टरांनी पंधरा दिवस विश्रांती सांगितली आहे, तंबाखूच्या पानाला बोटसुद्धा लावायचं नाही, आणि डॉक्टरांपेक्षा तुमची बहीण कडक आहे, हे तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. एक तारखेपासून कारखान्याच्या शाळेत वीस पोरापोरींना चिरूट वळायला शिकवायचं, तर हात शाबूत हवा, हे मलाही पटतं. (ही मास्तरकी तुमच्या शब्दामुळे मिळाली, हे ती मला रोज नाश्त्याबरोबर वाढते.)

चौथ्या दिवशी घरमालक कॉफी ओतता ओतता सहज म्हणाला, की टेकड्यांच्या बाजूला डोमितिला नावाची एक चिरूट वळणारी म्हातारी राहते, आणि हवानाच्या कारागिरांनी तिच्याकडे शिकवणी लावावी. आता मला सांगा, एकतीस वर्षं हवानात बाकावर बसलेल्या माणसाने हे ऐकून घ्यावं? माझा जो काही तिळपापड झाला, तो लपेना. शेवटी नेरेइदा म्हणाली, "चल, बघून येऊ. पण तिथे तू चिरूटवाला नाहीस, नाहीतर लगेच वळायला बसशील. तोंड उघडलंस तर याद राख." आणि म्हातारीच्या दारात पाऊल टाकल्या टाकल्या तिने जाहीर करून टाकलं, "हा माझा नवरा. हवानात न्हावी आहे." (न्हावीच का, असं मी नंतर विचारलं. म्हणे, तेवढंच तुझ्या तोंडाला शोभतं, बडबड्या.)

डोमितिलामावशी एक्याऐंशी वर्षांची आहे. अंगठा वाकडा, समोरचे दोन दात गायब, पायाशी कोंबड्या. मला न्याहाळून म्हणाली, "न्हावी का? बस. हात रिकामा कशाला ठेवतोस, वळून बघ एक." मी मदतीसाठी नेरेइदाकडे पाहिलं, तर ती खुशाल कोंबड्यांना दाणे टाकत होती. न्हावी कसा वळेल, असा विचार करत मी बोटं सैल सोडली, पानांकडे धड पाहिलंही नाही, आतल्या पानांचा भरणा कसातरी गोळा केला, टोकावरच्या टोपीला डिंक जास्त लावला. जे तयार झालं ते थोडं कमरेत वाकलेलं होतं. मावशीने ते बाजूला ठेवलं.

मग ती स्वतः वळायला बसली, आणि एव्हारिस्तो, तुम्हाला काय सांगू! मोजमाप नाही, वजन नाही. शेजारणीशी कुंपणावरून भांडण चालू, मधेच कोंबडीला हाकलणं चालू, आणि हात मात्र आपलं काम करताहेत. एकेक पान ती तळहातात अशी हलकेच मिटत होती, की दोन पानांमध्ये वाऱ्याला जागा राहावी. वरचं पान तर तिने तान्ह्या पोराला झबलं घालावं तसं चढवलं, न ओढता, न ताणता. आपल्या कारखान्याच्या सबंध दालनात, तुम्हाला धरून, असा हात मी पाहिलेला नाही. (राग मानू नका, मी स्वतःलाही धरलं आहे.)

आणि तिथेच घात झाला. समोर पानं कापायचं एक जास्तीचं पातं पडलं होतं. माझा हात आपोआप गेला आणि मी ते पाटावर वाजवलं, टक्, टक्, टक्, आपण दालनात उत्तम कामाला दाद देतो तसं! नेरेइदाने कपाळाला हात लावला.

"अगो बाई," मावशी म्हणाली, "हल्ली न्हावीपण पातं वाजवायला लागले?"

मी म्हटलं, आम्ही दुकानात कात्री अशीच वाजवतो. ती इतकी हसली की शेजारीण भांडण विसरून डोकावली. "कुठल्या कारखान्यातला रे तू? आता लपवू नकोस. आता तुझ्या खऱ्या हाताने वळ."

मग मी दुसरा चिरूट वळला! मनगट, डॉक्टर, बायको, सगळं विसरून. घट्ट, सरळ, तीन फेऱ्यांची टोपी, शिरा एका रेषेत. तुमच्या तपासनिसाने डोळे मिटून पास केला असता. मी तो तिच्यापुढे ठेवला आणि स्तुती ऐकायला कान टवकारले. तिने दोन्ही उचलले, दाबले, हुंगले, आणि पहिला पुढे सरकवला.

"हा बरा."

मी म्हटलं, मावशी, तो मी मुद्दाम वाईट वळला होता.

"तेच तर. याच्यात तू गप्प होतास. दुसऱ्यात मला दाखवायच्या नादात इतका दाबलायस, धूर बिचारा कुठून येणार?"

परतीच्या वाटेवर मी एक शब्द बोललो नाही. नेरेइदाने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. मला वाईट वाटलं, मेहुणे, खूप वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त आनंद झाला. शिकण्यासारखं असं काही अजून शिल्लक आहे, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

तुमचाच,
फुल्हेन्सियो

ता. क. हे सगळं रामायण ज्यासाठी लिहिलं ते असं: शाळेच्या यादीतून माझं नाव काढा आणि डोमितिलामावशीचं घाला. वीस बाकांच्या मागे एकविसावं टाका, तिथे मी बसेन. थट्टा नाही.

ता. क. दुसरा. वरचा मजकूर आज तिला वाचून दाखवला. "मी हवानाला? आणि कोंबड्यांना काय तू सांभाळणार?" मग म्हणाली, "अरे, मला वळता येतं, सांगता येत नाही. तुझं काय चुकतं ते आता तुला कळलंय, तेच पोरांना सांग. बाकीचं ती आपली आपण शिकतील." तेव्हा वरची विनंती रद्द. एक तारखेला हजर होतो. पहिल्याच दिवशी पोरांना माझी चूक सांगेन, तुम्ही दारात उभे राहून हसू नका.

ता. क. तिसरा. पहिला चिरूट डोमितिलामावशीने तेव्हाच पेटवला आणि शेवटच्या बोटभरापर्यंत, शेजारणीलाही उत्तर न देता, ओढला. तुमच्यासाठी पत्रासोबत दुसरा पाठवतो आहे. ओढताना जरा जोर लावावा लागेल.