शलाकाच्या खोलीसाठी कविता

प्रिय जगन्नाथ,

सप्रेम नमस्कार. तुझ्या गुडघ्यांनाही वेगळा नमस्कार. ते अजून जिना चढतात असं रेखावहिनी फोनवर म्हणाल्या, तेव्हा कविता सुचेलसं वाटलं (सुचली नाही).

इकडे आखातात सगळे मजेत. चिरंजीव चंद्रहास मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत असतो. मी खिडकीतून तिथली ज्वाला पाहतो आणि मला सूर्यास्ताच्या कविता आठवतात. नात शलाका मात्र आता युनिव्हर्सिटीच्या कलाभवनात राहते. शिकते अकाउंट्स, पण घर लांब, आणि तिथे राहणं फुकट. मोत्यांच्या एका व्यापाऱ्याच्या विधवेनं हे वसतिगृह बांधलं. नवऱ्यानं तिला हयातभर घरात गुणगुणूसुद्धा दिलं नाही. तो गेल्यावर तिनं त्याच्याच पैशातून असं घर उभं केलं, की गप्प बसणारीला तिथे जागा नाही. दर सत्रात प्रत्येक मुलीनं आपल्या मुलखाची एक कला सादर करायची, नाही तर खोली सोडायची. (बाईंचा फोटो दारातच आहे. चेहरा भलताच समाधानी.)

शलाकाला कुठलीच कला येत नाही. "आजोबा, यू आर माय आर्ट," म्हणाली आणि मला घेऊन गेली. वॉर्डन फरजानाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "दादाजी चलेंगे. मगर कुछ करेंगे ना?"

मी आपली चौथीतली ढगांची कविता काढली. पद्धत गुरुजींची: आधी मी ओळ म्हणणार, मग सगळ्यांनी त्याच चालीत. शलाकानं तसं इंग्रजीत बजावलं. पहिल्या दोन ओळी मुलींनी अशा म्हटल्या, की माझे डोळे भरून आले आणि तिसरी ओळ निघून गेली. मी म्हणालो, "थांबा हं जरा." अख्खं सभागृह चालीत म्हणालं, "थांबा हं जरा." "अगं शलाका, पुढे काय?" तेही झालं. "पाणी आणा गं कुणी" हे तर दोनदा, कारण मागच्या रांगांना फार आवडलं. शेवटी शलाका ओरडली, "आजोबा, स्टॉप!" तेही सगळ्यांनी म्हटलं. मी चाल सोडली नाही, एवढंच माझं कर्तृत्व.

वसतिगृह बांधणाऱ्या बाईंची मुलगी डोळे पुसत उठली. वाळवंटातल्या माणसाला पाण्याचं मागणं कळतं, म्हणाली. खोली राहिली.

तुझा,
दिगंबर

ता. क. खोली या सत्रापुरतीच राहिली. एकदा दाखवलेली कला पुन्हा चालत नाही. म्हणजे मी संपलो. तुझा पासपोर्ट चालू आहे ना? चंद्रहास व्हिसाचं बघतोय.

ता. क. दुसरा : पाठांतर नाही ही सबब सांगू नकोस. शाळेत तुला एकही कविता धड येत नव्हती, हे मी फरजानाबाईंना आधीच सांगितलंय. मला वीस मिनिटं दिली होती. तुला तासभर दिलाय.