मस्कादेचा वास

आई, आज सोमवार. माझी सुट्टी, म्हणून मासळी बाजारातून कालवं आणली आणि तुझ्यासारखं आमसूल घालून कालवण केलं. तूही सोमवारीच करायचीस. तुला उपास, पण बाबांना मासळीवाचून घास उतरायचा नाही. चाखायची सोय नाही, मग मला हाक. पळीतला रस्सा माझ्या तळहातावर टाकायचीस आणि मी बोलायच्या आत माझा चेहरा वाचायचीस. याचं नाक तिखट आहे, असं शेजारणींना कौतुकाने सांगायचीस. त्याच नाकावर मी अबू धाबीत पोट भरतो. तू गेलीस तेव्हा मी हॉटेलात आहे एवढंच तुला ठाऊक होतं. नंतर कुठल्या पदार्थाबरोबर कुठली वाईन घ्यावी, हे पाहुण्यांना सांगायचं काम मिळालं. तू आधी नाक मुरडलं असतंस आणि मग हळूच पगार विचारला असतास.

गेल्या वर्षी तापात ते नाक गेलं. वाटलं, येईल परत. आलं नाही. आंबट, खारट, कडू जिभेला कळतं, बाकी सगळं पाणी. बायकोला अजून सांगितलेलं नाही. इथे नोकरी गेली की व्हिसा गेला, मुलीची शाळा गेली, खलास. हाताशी राहिली एक मस्कादे. फ्रान्समध्ये ल्वार नदी समुद्राला मिळते, त्या भागातली ही पांढरी, कोरडी वाईन. तिला वासाचा फारसा तोरा नाही. आंबटपणा आणि जिभेवर मागे रेंगाळणारा किंचित खारटपणा, एवढ्यावर मला ती अजून ओळखता येते. कालवं, तिसऱ्या, साधा भाजलेला मासा, यांच्याबरोबर ती असली की लिंबू पिळायची गरज राहत नाही. म्हणून मी ती दिसेल त्याला सुचवत सुटलो.

परवा मटण मागवलेल्या टेबलालाही तीच सुचवली. मटणापुढे ती बिचारी टिकत नाही, हे मला झोपेतही सांगता येईल. पण मटणाला चालणारी तांबडी उघडून मी काय हुंगणार होतो? आमचा मॅनेजर लखनौचा, भला माणूस. त्याने मला बाजूला घेतलं. "हबीबी, हर टेबल पे मस्कादे? लॅम्ब के साथ भी?" मी हसून वेळ मारून नेली. त्याच संध्याकाळी एका बाईंनी बाटली परत पाठवली. बूच खराब निघालं होतं, वाईनला ओल्या पुठ्ठ्याचा वास येत होता. ती बाटली मीच उघडली होती, ग्लास नाकाशी नेला होता आणि मान डोलवली होती. मॅनेजरने ती हुंगली आणि दुसरी बाटली स्वतःच उघडली. उद्या त्याच्यासमोर बसून नव्या मेनूसाठी वाईन निवडायच्या आहेत.

तुला आठवतं? मला सर्दी होती, बाहेर खेळ रंगला होता. मी तळहात चाटला, मान हलवली आणि पळालो. तू बखोटीला धरून परत आणलंस. "तुझा चेहरा हललाच नाही. कळलं नाही तर कळलं नाही म्हणायचं. मान डोलवायची नाही." शेजारच्या काकू चव बघायला येईपर्यंत बाबा पाटावर ताटकळत बसले. तेव्हा मला तुझा राग आला होता. आता त्या वाक्याची भीती वाटते.

मघाशी शाळेतून येऊन मुलगी जेवायला बसली. तिने तुला कधी पाहिलेलं नाही. मी पहिला घास घेतला, मान डोलवली, मस्त झालंय म्हणालो. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. "बाबा, यू आर नॉट टेस्टिंग इट. युअर फेस डिडन्ट डू एनीथिंग." बायकोने ताटावरून मान वर केली. मी पाणी आणायच्या निमित्ताने उठलो, तो या खोलीत येऊन बसलोय.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? बाहेर अजून कुणी जेवायला सुरुवात केलेली नाही, भांड्यांचा आवाज येत नाही. तिथे जाऊन जे म्हणायचंय, ते आधी तुझ्याजवळ म्हणून बघतो. आई, कालवण तुझ्यासारखं झालंय की नाही, मला कळलं नाही.