हरणांचा हरभरा

५ फेब्रुवारी १९७३, सोमवार

पोरांना वाटायची सुकडी आजही नाही! तालुक्याला निरोप धाडून धाडून थकले. आया दुष्काळी कामावर खडी फोडायला गेल्या की त्यांची पोरं माझ्या बालवाडीत येतात, ती उपाशीच. आज गाणं म्हणायला उभी केली तर लंका मधेच मटकन खाली बसली. चार वर्षांची पोर. म्हणते, "बाई, पाय उभं ऱ्हाईनात."

आणि बालवाडीच्या खिडकीसमोर हरणं! नगरपालिकेची बाग ना ही. कारंजं आहे (बंद), घसरगुंडी आहे, अन् जाळीत सहा हरणं. लांबून माणसं बघायला येतात, म्हणून त्यांना रोज उसाच्या वाढ्यांची हिरवी पेंढी आणि बादलीभर भिजवलेला हरभरा. गावाची शोभा म्हणे! शोभेला पोट असतं, पोरांना नसतं.

६ फेब्रुवारी

हरणांचा रखवालदार गहिनीनाथ. मी बादलीकडे टक लावून बघत होते ते त्यानं पाहिलं. म्हणाला, "बाई, मी तिकडं तोंड करतो. तुमी घ्या." मूठ मूठ वाटला. पोरांनी सालंसुद्धा ठेवली नाहीत.

कुणाला सांगायचं नाही. बाबांना तर मुळीच नाही. चोरी ती चोरी म्हणतील, वर बायबल काढून बसवतील.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

बाबांनी बैल विकले. छावणीतला चारा संपला, घरात काडी नाही, किती दिवस धरून ठेवणार? घोडेगावच्या बाजारात घेणारे कुठे नेतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. बाबा दावी तेवढी घेऊन परत आले. येताना बागेवरून आले. "हरनांपुढं हिरवं लोळतंय, आन माझा पाखऱ्या..." जेवले नाहीत. मी परसात जाऊन रडले.

११ फेब्रुवारी, रविवार

बाबा उपासनेला आले नाहीत. असं कधी झालं नव्हतं. पाळकसाहेबांना आईनं ताप आहे म्हणून सांगितलं.

१४ फेब्रुवारी

लंका आज घसरगुंडीवर चार वेळा चढली! हरभऱ्याचा गुण.

दुपारी बाबा बागेत. जाळी धरून उभे, किती वेळचे कोण जाणे. "बाबा, घरी चला," म्हटलं. "घरी काय हाय?" म्हणाले, आणि हललेच नाहीत. लोक बघत होते. मला लाज वाटली, आणि लाज वाटली याचाच राग आला.

१७ फेब्रुवारी, शनिवार

कसले ते पाहुणे! नगराध्यक्षांचे, पुण्याचे. सकाळी सकाळीच बागेत हजर. त्यांतल्या एका बाईंना म्हणे स्वतःच्या हातानं हरणांना चारायचं होतं. आम्ही अजून हरभरा घेतला नव्हता. गहिनीनाथ माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. नगराध्यक्ष ओरडले, "अरे, बघत काय बसला? दे की सगळी बादली!" फोटो काढत काढत सगळी रिकामी केली. त्यांच्या धाकट्या मुलीनं एक दाणा तोंडाकडे नेला तर बाई किंचाळल्या, "शी! जनावरांचं आहे ते!" माझी पोरं खिडकीचे गज धरून बघत होती. मनातल्या मनात त्या बाईला काय काय म्हणाले, ते इथे लिहीत नाही.

दुपारी —

हरणं मेली. सहाही. तोंडाला फेस, पाय ताठ. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, हरभऱ्यात फवारणीचं औषध घातलंय. तेव्हा लंका माझ्या कडेवर होती. मी तिला इतकं आवळलं की ती रडायला लागली. त्या बाई आल्या नसत्या तर!

१८ फेब्रुवारी, रविवार

गहिनीनाथला पोलिसांनी नेलं. रखवालदाराशिवाय बादलीला हात कोण लावणार, म्हणे! त्याच्या बायकोकडे गेले. पुष्पावती उंबऱ्यात बसलेली, डोळे सुजलेले. "लई मारलं त्येनला. पर म्हनले, बाईंचं नाव घ्यायचं न्हाई, त्येंची नोकरी जाईल."

मूर्ख माणूस! तेवढं एक सांगितलं तर सुटेल. ज्या बादलीतून पोरं रोज खातात तिच्यात तो विष कालवेल होय?

१९ फेब्रुवारी, सोमवार

ठरवलं. उद्या चौकीवर जाऊन सगळं सांगणार. नोकरी गेली तर गेली, खडी फोडीन. जेवताना आई-बाबांनाही सांगून टाकलं. वाटलं, आता बाबा चोरीवरून आग पाखडणार. पण त्यांचा घास हातातच राहिला.

"पोरं... त्याच बादलीतलं खायची?"

"रोज."

"शनिवारी बी?"

"शनिवारी पाहुणे आले म्हणून वाचली, बाबा."

ताटावरून उठले. परसात जाऊन ओकले. आई म्हणाली, ऊन लागलं असेल. मग रिकाम्या गोठ्यात जाऊन बसले. बोलवायला गेले तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "लंका म्हंजी ती बारकी, व्हय? तुज्या पदराला धरून चालती ती?"

हो म्हटलं.

२० फेब्रुवारी

उठले तर बाबा घरात नाहीत. खुंटीवर त्यांचा रविवारचा कोटही नाही. आई चुलीपुढे बसलेली, चूल पेटवलेली नाही.

"चौकीवर गेलेत," म्हणाली. "म्हनले, दयाला सांग, तिनं यायची गरज न्हाई. गहिनीनाथ सुटंल."