पार्टी घरी नाही

१३ सप्टेंबर १९७३
पितृपक्ष लागला ते बरं झालं. दादा सकाळी म्हणाला, "आता पंधरा दिवस शुभ बोलनं नाही. घट बसले का कुहीवाल्याले होकार कळवून टाकू." कुहीवाले म्हणजे मला आलेलं कुही गावचं स्थळ, बिजवर. धानाची शेती, दोन मुलं. माणूस वाईट नाही. पाहायला आला तेव्हा माझ्याकडे धड बघितलं नाही, वहिनीच्या वरणाची मात्र तारीफ करून गेला. सदतिसाव्या वर्षी आणखी काय मागतेस, असं दादा तोंडानं म्हणत नाही. म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

१५ सप्टें.
ड्यूटीवरून आले आणि सरळ वही उघडली.
दुपारी नागपूरच्या टेलिफोन ऑफिसात ट्रंक बोर्डवर होते, परगावचे कॉल जोडायला. इथून भिलाईचा एक कॉल जोडून दिला. दोन्हीकडून आवाज येतो ना, एवढं ऐकून आपली ऐकायची कळ बंद करायची, असा नियम. "हॅलो" ऐकलं आणि कळ तशीच राहिली.
म.
रामटेकचा मधुकर. आमच्या तिथल्या जुन्या गल्लीतला, शाळेतला, आणि पुढं जे काय होतं ते. त्याच्या आईला नोकरी करणारी सून नको होती. आईपुढे याच्या तोंडून शब्द फुटला नाही. भिलाईला नोकरीवर निघून गेला, तिकडेच लग्न केलं. संपलं.
पलीकडे मुलगी. "बाबा, कधी येता?" संसार आहे म्हणजे. असणारच. मला काय करायचं आहे!
तीन मिनिटं झाली की आम्हाला मधे बोलावंच लागतं. बोलले, "तीन मिनट हो गए." मुलगी बडबडत राहिली. तेवढ्यात हा म्हणाला, "कुसुम? तू बोलून राहिली का वं?"
मी प्लगच उपसला. मुलीचं बोलणं अर्ध्यात तोडलं. सुपरवायझर बाईंना सांगितलं, लाइन गेली.

१६ सप्टें.
सुटी. वरण लागलं, दूध उतू गेलं. वहिनी म्हणाली, "तुले काय होऊन राहिलं वं?" म्हटलं, उकडतंय.
त्याला वाटलं असेल, मी मुद्दाम तोडला. मुद्दाम नव्हता. नव्हताच.
तक्रार केली तर मेमो मिळेल. तक्रार नाही केली तर... ते जास्त वाईट. म्हणजे त्याने विषय सोडून दिला.

१९ सप्टें.
वहिनी रामटेकहून आली. तिच्या वडिलांचं श्राद्ध होतं. अंबाळ्याच्या तलावावर म. भेटला, तोही वडिलांच्या श्राद्धासाठी आलेला. वहिनी पोळी लाटता लाटता सांगत होती, माझ्याकडे न बघता. त्याची बायको दोन वर्षांमागे गेली. एक मुलगी. कानाजवळ पांढरा झालाय.
"तुह्याबद्दल विचारून राहिला होता. मी डॉक्टरसायबाचा फोन नंबर देऊन टाकला. काहून, चुकलं का?"
शेजारच्या डॉक्टरांचा फोन म्हणजे अख्ख्या गल्लीचा फोन. मी म्हटलं, माझं काय जातं. आणि पोळी करपवली.
एक बाई गेली आहे आणि मला बरं वाटलं. कसलं हे मन. लाज वाटते, पण वाटलं.

२२ सप्टें.
असलं कुणाच्या वाट्याला आलं नसेल.
दुपारी भिलाईची ऑपरेटर लाइनवर. हिचा आवाज किती वर्षं ऐकते आहे, तोंड पाहिलेलं नाही. म्हणाली, "नागपूर, पी. पी. कॉल लो." पी. पी. म्हणजे नाव सांगून बोलावणं. ते माणूस फोनवर आलं तरच कॉल जोडायचा. नंबर डॉक्टरांचा. नाव माझं.
मी काय करावं? नियमाप्रमाणे डॉक्टरांकडे घंटी दिली. कंपाउंडर वहिनीला बोलवायला गेले. वहिनी धापा टाकत आली. मी आवाज जाड करून विचारलं, "कुसुम आहेत का?"
"नाही जी, ड्यूटीवर गेली."
सुपरवायझर बाई पाठीशी उभ्या. बोर्डवर स्वतःचं बोलणं म्हणजे नोकरीवर गदा. भिलाईला सांगितलं, "पार्टी घर पर नहीं है." पार्टी म्हणजे जिला बोलावलं ती, मीच.
ती म्हणाली, "पार्टी कब मिलेगी? पूछ रहे हैं."
"मालूम नहीं," बोलून गेले.
कॉलच्या नोंदीचं तिकीट रद्द. त्याच्या कॉलला आपल्याच तोंडानं कुलूप लावलं. मालूम नहीं!

२३ सप्टें.
वहिनी हसून हसून पालथी पडली. "तो आवाज तुहाच होता ना वं? मलेच विचारून राहिली होती, कुसुम हाय का म्हणून!" मग डोळे पुसत म्हणाली, "आता तो दुसऱ्यांदा करन का नाही कोन जाने."
तेच तर. एकदा आईपुढे गप्प बसलेला माणूस आहे. 'मालूम नहीं' ऐकून पुन्हा गप्प बसेल. तो बोलेल म्हणून आपण किती वाट बघायची, आणि का?
मला तो हवा आहे. लिहून टाकलं. आता खोडणार नाही.

२५ सप्टें.
भिलाईचे पुष्कळ कॉल आले. एकही तो नाही. दादानं कुहीला पोस्टकार्ड टाकायला आणून ठेवलं आहे, कोरं. जाता-येता दिसतं.

२६ सप्टें. अमावास्या
आला! भिलाई: "वही पी. पी., नागपूर." डॉक्टरांकडे घंटी दिलीच नाही. नियम मोडला.
"पार्टी घर पर नहीं है."
"कब मिलेगी?"
"कल सवेरे आठ बजे. पार्टी वहीं बैठी रहेगी."
तिनं वेळ परत म्हणून घेतली, आठ बजे. मग म्हणाली, "पक्का ना, बहनजी?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा बहनजी म्हणाली. कळलं असेल का तिला? कळू दे.
उद्याची ड्यूटी बदलून घेतली.

२७ सप्टें. घटस्थापना
दादानं मातीत गहू पेरले, दिवा लावला आणि लगेच पोस्टकार्ड पुढ्यात धरलं. "हो म्हनून टाक, कुसुम."
म्हटलं, "कुहीले नाही कळव, दादा."
"कोनाच्या भरोशावर?"
"कोणाच्याच नाही. फोन आला तरी नाही, न आला तरी नाही."
"कोनता फोन?"
वहिनी म्हणाली, "पूजेत बोलू नका जी." दादा कार्ड तसंच हातात धरून बसला.
आता डॉक्टरांच्या ओसरीवर आहे, वही मांडीवर. आठ वाजून गेले. कंपाउंडरनी दोनदा विचारलं, कुणाला औषध पाहिजे. दादा आमच्या दारातून इकडे बघतो आहे.
म. काय बोलेल? आणि मी? अर्ध्यात तोडलं त्याचं आधी सांगावं लागेल.
साडेआठ. लाइन मिळत नसेल. सकाळी तिकडची गर्दी असतेच, मला माहीत नाही तर कुणाला. दिवसभर लोकांना हेच सांगते, थांबा, मिळेल.
थांबले आहे.