वज्रकेतूचा डावा पाय

६ ऑगस्ट १९९६
माझ्या कादंबरीचं नववं प्रकरण छापून आलं, महिन्याला एक येतं. चौथं पान, खाली बियाण्यांची जाहिरात, आणि माझं नाव सुमनऐवजी सुमती. बारामतीच्या साप्ताहिकवाल्यांना किती वेळा सांगायचं! सकाळी धारा काढून झाल्यावर तात्यांना वाचून दाखवलं. सेनापती वज्रकेतू खिंडीत पडतो, दोनशे वर्षांनी मेंढपाळाच्या घरी पुन्हा जन्मतो, आणि मागच्या जन्मी डाव्या टाचेत घुसलेला बाण ह्या जन्मी ठणकतो, इथवर. तात्या गप्प. एरवी आमचे सासरे गप्प बसणाऱ्यातले नाहीत, म्हणून लिहून ठेवते.

७ ऑगस्ट
आज बोलले. "पोरी, ही अंबरथडी आली कुठं? आपल्या भीमथडीच्या वरतीकडं का खालतीकडं?"
म्हटलं, तात्या, कुठंच नाही. मी मनानं रचली. तिथं दोन चंद्र आहेत, नद्या फक्त रात्री वाहतात.
"आसत्याल दोन चांद. कोण बघाया गेलंय!"
गोठ्यातलं शेण तसंच राहिलं.

१५ ऑगस्ट
झेंडावंदन. बालवाडीतल्या पोरांना लिमलेटच्या गोळ्या, दोघं गोळीवरून भांडली.
घरी येऊन तात्यांच्या डाव्या टाचेची जखम बघितली. वास येतोय. हळद भरून वर धोतराचं फडकं बांधलं होतं. डॉक्टरांनी दिलेल्या साखरेच्या आजाराच्या गोळ्या घेता का, विचारलं, तर म्हणाले, "बाण लागल्याला हाय त्यो. गोळीनं कसा निघंल?" मला वाटलं चेष्टा करतायत. पण हसले नाहीत.
वास्तविक ते लंगडणं मी त्यांचंच उचललं. मेंढरं विकल्यापासून डावा पाय जरा ओढत चालतात, ते वज्रकेतूला दिलं. गोष्टीत आपण कुणाचंही काहीही घेतो. तात्या ते परत मागून घेतील असं कुठं वाटलं होतं.

२३ ऑगस्ट
बारामतीला डॉक्टरांकडे. हे दुधाच्या टँकरवर, त्यामुळे मी आणि वन्सं. त्या डाळजहून पहाटेच निघाल्या होत्या. बापावर फार जीव, आणि तोंडही तसंच. डॉक्टरांनी फडकं सोडलं. नाकाला रुमाल लावला नाही हे त्यांचं कौतुक. टाच काळी पडलीय. म्हणाले घोट्याच्या वर कापावा लागेल, थांबलात तर गुडघ्याच्या वर, आणि त्याहूनही थांबलात तर...
वन्सं रडल्या, मग तात्यांवर ओरडल्या, मग पुन्हा रडल्या. तात्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते. येताना एसटीत मला हळूच म्हणाले, "त्येला इचारल्याबिगर न्हाय." मला वाटलं देवाला.

२५ ऑगस्ट
देवालाच. बिरोबाला कौल लावला. पुजाऱ्यानं देवाच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवली. उजवं आधी पडलं तर ऑपरेशन करायचं, डावं पडलं तर नाही. बसलो, बसलो. दोन्ही फुलं तशीच. उन्हं उतरली, फुलं सुकत आली, पडायचं नाव नाही.
पुजारी म्हणाला, "देव आज बोलायच्या मनात न्हाय, तात्या."
वन्सं त्यालाही बोलल्या. येताना तात्या खुशीत. ह्या माणसाला खुश व्हायला झालं काय?

२६ ऑगस्ट
कळलं.
"देव बोलंना. आता वज्रबा काय करतुया ते बघायचं. माजा कौल त्येच्याकडं."
वज्रबा म्हणजे वज्रकेतू. भावकीतलाच करून टाकला. मी समजावून सांगितलं, तात्या, त्याला मी लिहिते, मी म्हणेन तसा तो वागतो.
"व्हय. मग बिरुबाच्या खांद्याला फूल कोण चिटकिवतं? पुजारीच न्हवं?"
 ह्याचं उत्तर दिवसभर भांडी घासताना, कपडे धुताना शोधलं. अजून शोधतेय.

२७ ऑगस्ट
ह्यांना सांगितलं. जेवता जेवता म्हणाले, "मग लिही की पाय तोडला म्हणून. चार ओळींचं तर काम."
चार ओळींचं काम! शेवटच्या प्रकरणात वज्रकेतू घोड्यावर बसून खिंड परत घेणार, हे मी पहिल्या प्रकरणापासून ठरवलंय. संपादकांनाही तेच हवंय, दिवाळी अंकात विजय आणि तोरणं. डाळजहून वन्संचा फोन दुकानात येऊन गेला, निरोप एकच, लवकर लिही म्हणावं. एरवी माझ्या लिहिण्याला ह्या घरात कुणी विचारत नाही. आता सगळे माझ्या हाताकडे बघत बसलेत.
भाकरी करपली.

२८ ऑगस्ट
लिहीत नाही. भीती वाटते. मी पाय तोडायचा, तात्यांनी तो कौल मानायचा, आणि टेबलावर काही बरंवाईट झालं तर? बिरोबाला कुणी जाब विचारत नाही. मला वन्सं विचारतील. वन्संनी नाही विचारलं तरी मीच मला विचारेन.

२९ ऑगस्ट
तात्यांना ताप. लाली घोट्याच्या वर सरकलीय. ह्यांनी उचलून गाडीत घालायचं ठरवलं, तर तात्यांनी खाटेचा गात, कडेचं लाकूड, धरून ठेवला, सुटेना. ह्यांच्या डोळ्यांत पाणी. लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदा बघितलं.
मी बसले लिहायला.

३० ऑगस्ट
झालं. राजवैद्य म्हणतो, बाणाचं विष वर चढतंय, पाय द्या नाहीतर अंबरथडी द्या. वज्रकेतू म्हणतो, घ्या. वाईट लिहिलंय, सगळं नाटकातल्यासारखं. पण पाय गेला.
लगेच वाचायला घेतलं तर तात्यांनी हात वर केला. "छापून ईऊ दे. हातानं काय, कुणीबी लिवतं."
छापून यायला आठवडा! मी कागद तिथंच टाकून परसात जाऊन उभी राहिले. कोंबड्यांशिवाय कुणी नव्हतं ते बरं झालं, तोंडातून काय काय गेलं.

३१ ऑगस्ट
पहिल्या एसटीनं बारामती. छापखाना उघडायच्या आधी दारात. संपादक आले, वाचलं, चष्मा काढला. "अहो बाई, सेनापती लंगडा कशाला करताय? वाचकांना विजय लागतो."
म्हटलं, एक वाचक खाटेवर पडलाय, त्याला हे लागतं. आणि सगळं सांगितलं.   त्यांनी आत जाऊन खिळे जुळवणाऱ्याला चालू काम बाजूला ठेवायला लावलं. दुपारी एका कागदावर प्रूफ ओढून हातात दिलं, शाई ओली. म्हणाले, "अंकात हा भाग कापून टाकेन हं, विचार करा."
ह्या वेळी नाव बरोबर आलं, सुमन.

सायं.
वाचलं. तात्यांनी आधी कागदावर बोट फिरवून शाई बघितली. मग डोळे मिटून ऐकलं.  मला वाटलं झोपले.
"त्येचा पाय माज्यासाटनं तोडलास व्हय?"
मी खोटं बोलायचं ठरवून बसले होते. पण "हो," म्हटलं.
"त्यो रडला का?"
"तसं लिहिलं नाही."
"रडला आसंल. तसं लिव्ह." मग ह्यांना हाक मारली, "गाडी आण रं."
म्हणजे मीच ठरवून लिहिलं हे त्यांना ठाऊक होतं. मग कौल कसला? मला कळत नाही, आणि विचारायची ही वेळ नव्हती.

१ सप्टेंबर, बारामती
ऑपरेशन झालं. घोट्यावर निभावलं नाही, गुडघ्याच्या खाली कापला. जीव आहे. वन्सं बाहेर बाकावर माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपल्या. मी त्यांना मनातून किती घाबरते हे त्यांना माहीतही नसेल.

३ सप्टेंबर
शुद्धीवर आहेत. पांघरूण सपाट झालंय तिकडे बघत नाहीत. कुणाशी बोलत नाहीत. पेज भरवली तर तोंड उघडतात, बस. ह्यांनी मेंढरांच्या आठवणी काढल्या, वन्संनी नातवंडं आणून उभी केली. नाही.
डॉक्टर म्हणतात जखम चांगली आहे, पण माणूस उठायला हवा, असा पडून राहिला तर छातीत कफ भरेल.

४ सप्टेंबर
तेच. संपादकांचा माणूस आला होता, पाय ठेवू का कापू, शेवट कधी. त्याला चहा पाजून परत पाठवला.

५ सप्टेंबर
दुपारी मी एकटी होते. केळं सोलत होते, तोच आवाज आला. इतका बारीक की आधी शेजारच्या खाटेवरचा वाटला.
"पुढचं लिवलं न्हाईस?"
"नाही, तात्या."
"पाय तोडला आन तितंच सोडलास त्येला?"
मी केळं खाली ठेवलं.
"दुसऱ्या दिवशी त्येनं काय केलं? घोड्यावर कसा बसला? का बसलाच न्हाय?" दम लागला. मग म्हणाले, "त्यो उटल्याबिगर मी कसा उटू?"
नर्स सांगून गेलीय, उद्या सकाळी कुबड्या देऊन उभं करायचं. बाकावर कागद घेऊन बसलेय. घोडा दारात आणून उभा केलाय, मोतद्दारानं लगाम धरलाय. वज्रकेतू अजून पलंगावरच आहे.