बोट लावेपर्यंत हिरवा

३ मार्च, मंगळवार

म्हातारा गेला! बुचॉनच्या वृद्धाश्रमातले चू आजोबा. दुपारी पलंगावरून उठले, न्हाणीघरात पडले, आणि कुणाला कळेपर्यंत सगळं संपलं होतं. आमचं ॲप नेमकं याचसाठी आहे — गादीखाली पट्टी, माणूस उठला की सेविकेच्या मोबाईलवर त्याच्या खोलीचा हिरवा चौकोन लाल होतो. आश्रमाचा फोन आला तेव्हा ऑफिसात सगळ्यांचे चेहरे पांढरेफटक. मग सर्व्हरवरची नोंद उघडली. इशारा गेलेला, मोबाईलला पोचलेला. सुटलो!

मेंग साहेब — आमचे टीमलीडर — टाळी वाजवून म्हणाले, "आपलं अंगण स्वच्छ आहे. चला, जेवायला." डुकराच्या हाडांचं सूप. सगळे भुरके मारत होते. मीही.

४ मार्च

ड्यूटीवरची सेविका म्हणते चौकोन हिरवाच होता. पण आश्रमाच्या व्यवस्थापकाने तिच्याकडून मोबाईल घेतला, बोट लावलं, तर लालभडक. "खोटं बोलायलाही अक्कल लागते," मेंग साहेब.

६ मार्च, शुक्रवार

आज ती सेविका आमच्या इमारतीत आली. वोल्सून बाई. चीनमधल्या यानब्यानच्या — रक्ताने आमच्यासारख्या कोरियनच, पण तोंड उघडलं की हेल कळतो आणि पोरंसोरंही अगं-तुगं करतात. गार्ड आत सोडेना. मी कॉफी घ्यायला खाली आले होते, तर गळ्यातलं ओळखपत्र बघून त्यांनी माझा हातच धरला.

"ताई, हिरवा होता हो! पोलीस म्हणतात मी हयगय केली. शिक्षा झाली तर व्हिसा गेला. परत धाडतील मला. मुलीचं नर्सिंग अर्ध्यावर आहे."

बसवलं. जवाचा चहा पाजला. आणि वर शहाणपणा केला — "नोंद खोटं बोलत नाही, बाई." त्यांनी चहा संपवला. कप उचलून स्वतः जागेवर ठेवला आणि गेल्या.

९ मार्च

डोक्यातून जाईना म्हणून कोड उघडला. हा भाग मेंग साहेबांचा, जुना. मी जानेवारीत आले. साहेबांनी लिहिलेलं इथे कुणी तपासत नाही — थोरल्याच्या ताटात कोण बोट घालणार!

तिथेच होतं. धडधडीत.

ॲपची कामं एकाच वेळी वेगवेगळ्या धाग्यांत, म्हणजे थ्रेडमध्ये, चालतात; पडद्याला हात लावायचा हक्क एकट्या मेन थ्रेडचा. बाकीचे थ्रेड मागच्या मागे राबणारे — निरोप आणायचा, हिशेब करायचा आणि मेनच्या हाती सोपवायचा: घे बाई, आता रंग तू बदल. भाजीत मीठ एकाच हाताने पडावं, तसं. इथे इशारा आणणारा थ्रेडच परस्पर चौकोन रंगवतोय! आणि बहुतेक वेळा ते चालून जातं, हीच तर रड आहे. कधीतरी मात्र आत लाल झालेलं असतं आणि पडदा हिरवाच राहतो, कुणी बोट लावेपर्यंत. बोट लागलं की पडदा नव्याने रंगतो. मग लाल.

म्हणजे व्यवस्थापकाचं बोट! ते लागलं म्हणूनच लाल झाला.

असं काही लिहिलं की कोड चालवून बघताना यंत्र धोक्याची जांभळी सूचना देतं. ती सूचनाच कुणीतरी बंद करून ठेवलीय.

१० मार्च

आश्रमात आहे तसलाच जुना मोबाईल घेऊन बसले. इशारा, लाल. इशारा, लाल. दिवसभर. वाटलं, मीच चुकतेय, उगाच साहेबांवर संशय घेतला. बरंही वाटलं, खरं सांगायचं तर. मग संध्याकाळी एकदा — हिरवा! इशारा पोचलाय आणि पडदा ढिम्म! बोट लावलं. लाल.

११ मार्च

साहेबांना दाखवलं, दार लावून. त्यांनी मोबाईल टेबलावर पालथा ठेवला.

"एका ओळीचं काम आहे. मेनकडे सोपव आणि मोकळी हो."

"आणि ती बाई?"

"सोल-आ, मेलेला माणूस परत येणार आहे का? या ॲपवर किती जणांच्या चुली पेटतात ते बघ जरा." मग एकदम खालच्या आवाजात, "माझ्यावर हे करू नकोस गं."

मला त्यांचा राग यायला हवा होता. कीवच आली.

१३ मार्च

नवी आवृत्ती गेली. सोबतचं टिपण साहेबांनीच लिहिलं: "किरकोळ सुधारणा." किरकोळ!!

१७ मार्च, मंगळवार

पोलिसांकडे जाऊन आले. जुना मोबाईल, त्यात जुनीच आवृत्ती. तपास अधिकारी जांभया देत म्हणाला, "मला यातलं ओ की ठो कळत नाही." म्हटलं, कळायला नकोच, नुसतं बघत बसा. त्याचं जेवण थंड झालं, पण पठ्ठ्या बसला. शेवटी एकदा पडदा हिरवाच राहिला. "लावा बोट," मी म्हणाले. लावलं. त्याने शेजारच्या टेबलावरच्याला हाक मारली, "ए, इकडे ये, हे बघ!"

जबाब दिला. सही केली. परतताना बसमधूनच राजीनामा पाठवला. बाहेर दर वसंतात वाळवंटातून उडत येणारी पिवळी धूळ इतकी की समोरचा पूल दिसेना.

२६ मार्च

परवा वोल्सून बाई सुटल्या! प्रकरणात आता मेंग साहेबांचं नाव आहे. कंपनीने त्यांना त्याच दिवशी काढलं. त्यांचा मेसेज — "झालं समाधान?" ऑफिसातलं कुणी फोन उचलत नाही. आई गांगनुंगहून फोनवर करवादली, "लोकांच्या भांडणात उडी घ्यायला तुला कुणी आवतण दिलं होतं?"

देऊ देत शिव्या. मला बरं वाटतंय. एका बाईचं घर वाचलं. काल किती तरी दिवसांनी गाढ झोपले.

२९ मार्च, रविवार

वोल्सून बाई आल्या होत्या. नाशपातीची पेटी घेऊन. एक सोलून माझ्या हातात फोड दिली आणि खाली बघत म्हणाल्या, "ताई, तुमच्यापाशी खोटं नको. त्या दुपारी मी मोबाईल बघितलाच नव्हता. एप्रनच्या खिशात होता. खुर्चीत टेकले आणि डोळा लागला. हिरवा होता असं बोलून गेले — तो कायम हिरवाच तर असायचा."

त्या दुपारी तो खरंच हिरवा राहिला होता की लाल झाला होता, हे आता कुणालाच कळणार नाही. मेंग साहेबांचा नंबर काढून बसलेय. लावत नाहीये.